छात्राध्यापकांनाही बोलू द्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या जि. प. शाळेत दरवर्षी डीएड-बीएडचे छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारी मुलं-मुली, आंतरवासितेला म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला येतात. 2015 पासून बीएड दोन वर्षांचं झालं, शाळेतले आठवडेही वाढले, हे चांगलंच झालं. हे छात्राध्यापक मेहनती असतात, पाठाची टाचण वही तर इतकी सुबक की बघत राहावं, पण पाठ चालू असताना पाचवीतल्या एखाद्या पोराने मधेच प्रश्न विचारला की गडबडतात आणि "आधी पाठ होऊ दे" म्हणून त्याला खाली बसवतात, कारण मागच्या बाकावर निरीक्षक बसलेत आणि मार्क त्यांच्या हातात.

यात त्या छात्राध्यापकांचा दोष नाही हो. समता, लोकशाही मूल्यं, समावेशक शिक्षण हे सगळं त्यांना पेपरात असतं, पण मला इतकेच गुण का पडले हे विचारायची हिंमत होत नाही, अंतर्गत गुणांची भीती. कामं वाटताना मुलींकडे रांगोळी, फलकलेखन, स्वागतगीत आणि मुलांकडे माईक. अहिराणी किंवा पावरी बोली बोलणाऱ्या घरातल्या मुलीचा पाठ कितीही रंगू दे, पहिला शेरा 'उच्चार सुधारा'! मग तीच उद्या नोकरीला लागल्यावर पाड्यावरच्या पोरांना काय सांगणार?

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 29 मध्ये स्पष्ट लिहिलंय की मूल भीतीमुक्त असावं, त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं. आणि महात्मा फुल्यांनी तर 1882 लाच इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढे मागितलं होतं की प्राथमिक शिक्षक ट्रेन केलेले हवेत, शक्यतो शेतकरी वर्गातले, वेळ पडली तर नांगर किंवा वाकस हातात धरायला न लाजणारे, लोकांत मिसळणारे. म्हणजे ट्रेनिंग आणि बरोबरीने वागणं त्यांनी एकत्रच मागितलं, आपण मात्र ट्रेनिंग घेतलं आणि दुसरं पुस्तकात ठेवलं.

माझी मागणी साधी आहे. पाठ झाला की आधी छात्राध्यापकाने बोलावं, मग सोबतच्यांनी, शेवटी आचार्यांनी म्हणजे कॉलेजात त्यांना शिकवणाऱ्यांनी, आणि गुणांची कारणं लेखी द्यावीत. कामं पाळीपाळीने वाटा, वर्षातून एकदा छात्राध्यापकांनाही आचार्यांच्या शिकवण्यावर नाव न घालता लिहू द्या. याला वेगळा निधी लागत नाही, पुढच्या बॅचपासून सुरू करता येईल. ज्या कॉलेजात हे आधीच चालू असेल त्यांनी कसं जमवलं ते या सदरात जरूर लिहावं, आम्हा शाळावाल्यांनाही ते हवंय.

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. नंदुरबार