हंसराज म्हणून भलताच नेचा

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीत सिंहगडाच्या पावसाळी झाडोऱ्यावर पान आलं होतं, मस्तच होतं, पण हंसराज या नेच्याचा (म्हणजे फर्नचा) म्हणून जो फोटो टाकलाय तो हंसराज नाहीये हो. तो ॲडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस, आपला हंसराज म्हणजे ॲडिअँटम फिलिपेन्स. दोघं एकाच घराण्यातले, दोघांना शास्त्रीय नाव दिलं स्वीडनच्या वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसनेच, १७५३ साली. देठ दोघांचेही काळेभोर चकचकीत आणि पानावर पाणी ठरत नाही ते पण सेम, त्यामुळे लोक फसतात.

पण हंसराजाची एकच दांडी असते, तिच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्रासारख्या पर्णिका (पानाचे छोटे भाग) ओळीने, आणि पुष्कळदा दांडीचं टोक शेपटीसारखं लांबतं, वाकून मातीला टेकतं आणि तिथेच नवीन रोप धरतं. आतकरवाडीकडून चढताना कडेच्या ओल्या दरडीत नीट बघा. (केसाळ दांडीचा तिसरा एक भाऊ आहे, इन्सिसम, त्याची पण शेपटी रुजते, म्हणून नुसत्या शेपटीवर जाऊ नका.) तुमच्या फोटोतल्या पानाला तर दोन-तीनदा फाटे फुटलेत, पर्णिका बारक्या, पंख्यासारख्या, शेपटीचा पत्ताच नाही. त्याला चुना आवडतो, जुन्या विहिरीचं बांधकाम, गळकी भिंत वगैरे, आणि पाणी मिळालं तर भर उन्हाळ्यात पण हिरवागार राहतो, हंसराज मात्र पाऊस सरला की वाळतो.

खरी गंमत पानाच्या मागे आहे. दोघांतही पानाची कडच खाली दुमडते आणि त्या दुमडीत बीजाणू असतात, म्हणजे ज्यातून नवे नेचे येतात ती बारीक भुकटी. हंसराजात ही तपकिरी दुमड बाहेरच्या गोल कडेने लांबच लांब, जवळपास सलग जाते, दुसऱ्यात तिचे सुटे सुटे तुकडे. भिंग-बिंग काही लागत नाही, फक्त पान जून हवं, कोवळ्यावर काही दिसत नाही.

एवढं लिहायचं कारण म्हणजे आयुर्वेदात हंसपदी म्हणून फिलिपेन्स वापरतात आणि आपल्याकडे पेपरातला फोटो बघून औषधी म्हणून झाड उपटून आणणारे कमी नाहीत. कोरेगाव पार्कात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं (झाडांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) ऑफिस आहे, १९५५ पासून, फोटो छापायच्या आधी तिथे दाखवून घ्या की. आणि फोटोग्राफरला म्हणावं पान उलटं करून पण एक फोटो काढ, खरं तर तोच मोठा छापा, वरच्या बाजूचा छोटा चालेल.

एक वाचक, कोथरूड, पुणे