खरेदीखतात पुराच्या पाण्याची ओळ का नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्या-मुंबईची माणसं नोकरी संपवून नदीकाठच्या लहान गावांत घरं घेऊ लागली आहेत, असा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. फोटो छान होते. घाट, पिंपळ, पायरीवर बसलेलं एक जोडपं. नदी मात्र त्या लेखात फक्त सूर्यास्तापुरती आली. म्हणून हे पत्र.

मी कुरुंदवाडची. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या संगमाजवळचं आमचं गाव. पलीकडं नृसिंहवाडी, म्हणजे आमच्या बोलण्यात नुसती वाडी. तालुक्यात दस्त करून देणाऱ्या एका वकिलांकडं मी टायपिंग करते. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, जे येईल ते. त्यामुळं लोक घर कसं बघतात आणि कसं घेतात हे रोज समोर घडतं. आमचंही घर विकतचंच आहे. २०१३ साली घेतलं, वरच्या गल्लीत.

घर घेणारा पहिल्यांदा कागद विचारतो. सिटी सर्व्हेचा उतारा, शेतजमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ, बिगरशेतीचा आदेश, फेरफार, तीस वर्षांचा सर्च, घरपट्टीची पावती. हुशार गिऱ्हाईक मोजणीचा नकाशाही मागतं. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते हे आता सगळ्यांना पाठ झालंय. सहधारकांच्या सह्या, बँकेचा बोजा, वारसांची भांडणं, सगळं चार-चारदा तपासलं जातं. पण पाणी कुठवर येतं, हा प्रश्न आमच्या टेबलावर क्वचित येतो. आला तर विकणारा म्हणतो, "येतंय की कधीमधी, घोट्याएवढं." घोटा कुणाचा, ते कुणी विचारत नाही.

जुन्या वळणाच्या खरेदीखतात एक ओळ असते. चतुःसीमा लिहून झाल्या की मिळकत 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह' विकली असं येतं. पुढं विकणारा लिहून देतो की सदर मिळकत निर्वेध व निजोखमी आहे. हे वाक्य मी इतक्यांदा टाईप केलंय की बोटं आपोआप चालतात. आमचे वकील सांगतात, इथं जोखीम म्हणजे कर्ज आणि कज्जा. पाणी त्यात धरत नाहीत. आता ज्या घराच्या खुंटीपर्यंत २०१९ ला पाणी होतं, ते घरही निजोखमीच.

वास्तविक कायदा मुका नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात कलम ५५ आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साध्या खबरदारीनं कळणार नाही असा मिळकतीतला मोठा दोष त्यानं सांगितलाच पाहिजे, असं ते कलम म्हणतं. आता पूर हा दोष लपलेला की उघडा, इथं वाद सुरू होतो. विकणारा म्हणणार, नदी काय मी पदराआड झाकली होती? शेजारी विचारायचं होतं. आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

तेव्हा शेजारी विचारायचंच. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा दलाल खोल्या दाखवत होता आणि माझ्या सासूबाई सरळ शेजारच्या म्हातारीच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. पान जमलं, माहेर-सासर झालं, मग २००५ च्या पुराचं विचारलं, "पाच सालच्या पुरात कुठवर आल्तं हो?" म्हातारीनं जोत्याची खालून दुसरी पायरी दाखवली. "हितं थांबलं हुतं. त्या खालच्या बोळात मात्र माणूसभर." आम्ही घेतलं ते घर पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं, वर माळा, आणि जोतं असं उंच की सासूबाईंना चढताना भिंतीला हात लावावा लागतो. खालच्या अंगाला त्याच पैशात स्लॅबचं नवं घर मिळत होतं. यजमानांचा जीव त्यातच होता. तिथं गाडी दारात उभी राहत होती, जोतं कमी होतं ना. जुन्या लोकांनी जोती उंच बांधली ती हौस म्हणून नव्हे. आता गाडी सुखानं आत जावी म्हणून जोतं खाली आणतात. आमच्या गावातल्या बऱ्याच नव्या बांधकामांचं दुखणं एवढंच आहे.

पण म्हातारीची पायरी ही काही शेवटची पायरी नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी २००५ च्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही साली ती ५५ फुटांच्या पुढं गेली. आमच्याकडं पाणी डोंगरातल्या पुरासारखं धावत येत नाही. कृष्णा भरलेली असते, पंचगंगेला तिच्यात शिरता येत नाही, मग ती मागं फुगते. आम्ही त्याला फूग म्हणतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयना धरणाचा विसर्ग वाढला, की गावातल्या बायका आधी माळ्यावरचं सामान आवरून जागा करतात. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर वाढतो की नाही, हे भांडण मी या पत्रात ओढत नाही, त्याला आपलं अख्खं पान पुरायचं नाही.) पाणी बोटाबोटानं चढतं. २०१९ ला मी रात्री झोपताना पायरीवर खडूची रेघ मारायचे आणि पहाटे बॅटरी घेऊन बघायचे. रेघ बुडालेली असायची, तिच्यावर चार बोटं पाणी, आणि त्यावर उसाचं पाचट, चपला, कुणाच्या तरी देवघरातली हार घातलेली तसबीर. आमच्याकडं वरच्या दोन पायऱ्या राहिल्या तेव्हा ते थांबलं. उतरायला मात्र आठवडा लावला. खालच्या बोळातली मातीची घरं पाणी असताना उभी होती. पाणी उतरल्यावर ऊन पडलं आणि मग भिंती बसल्या.

घर कोरडं राहिलं म्हणजे आपण सुटलो असंही नाही, आणि बाहेरून येणाऱ्यांना हे मुळीच लक्षात येत नाही. वाडीचा पूल बंद, शिरढोणच्या पुलावर पाणी, वीज तोडलेली. गावाचं बेट होतं. मिरजेचे दवाखाने एरवी जवळ वाटतात, त्या दिवसांत ते परदेशात असतात. सासूबाईंना इन्सुलिन लागतं. फ्रिज बंद पडला तेव्हा आम्ही बाटल्या ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवल्या. तेव्हापासून जुलै लागला की महिन्याची औषधं आधी भरून ठेवतो. निवृत्तीनंतर नदीकाठी राहायला येणाऱ्यांच्या गोळ्यांचे डबे आमच्या डब्यापेक्षा मोठे असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

सरकारकडं पुराचा हिशेब नाही असंही नाही. जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळ्या-लालच्या मधला नियंत्रित. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणं मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवं. कागदावर हे सगळं ठीक. पण घर घेणारा ज्या उताऱ्यावर नजर फिरवतो त्यावर यातलं काहीच नसतं.

शिवाय पंचवीस आणि शंभर या आकड्यांनी लोकांची फसगत होते. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ म्हणाले, "शंभर वर्षांचा एकोणीसला येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही." एकवीसला त्यांच्याच गल्लीत परत होडी फिरली. माझी लेक इचलकरंजीला शिकते, तिनं मला गणित मांडून दाखवलं. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे दर साली येण्याची शक्यता चार टक्के. यंदा आला म्हणून पुढच्या सालची कमी होत नाही. वीस वर्षांचं गृहकर्ज धरलं, तर ते फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर जाते. शंभर वर्षांच्या पुराचीही अठरा टक्के. गिऱ्हाईक हप्त्याचा व्याजदर पाव टक्क्यानं कमी व्हावा म्हणून तीन बँका फिरतं. हे अठरा टक्के त्याला कुणी सांगत नाही.

विम्याचंही तसंच. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक नमुन्याची घरविमा पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं मिळते, तिच्यात पूर धरलेला आहे. कर्ज घेताना माणसाच्या जिवाचा विमा न मागता पुढं सरकवला जातो, घराचा मात्र आपण होऊन विचारावा लागतो.

आता कुणी म्हणेल, एवढं आहे तर राहता कशाला, जयसिंगपूरला प्लॉट घ्या. गावातले बरेच गेलेही. जयसिंगपूर उंचावर, रेल्वे स्टेशन दाराशी, रस्ते आखीव. आम्ही नाही गेलो. इथं सकाळी घाटावर जाऊन आलं की सेनापती संताजी घोरपड्यांच्या समाधीजवळ ओळखीची चार माणसं भेटतात. काठावरची मळीची, म्हणजे गाळाच्या जमिनीतली, वांगी जिरं-खोबऱ्यात भरून एकदा खाल्ली की बाजारातली टोपलीतली वांगी हातात घ्यावीशी वाटत नाहीत. ती मळी पुरानंच आणलेली, हेही तितकंच खरं. गणपतीत आमच्याकडं पाच मशिदींत मूर्ती बसते, आणि मोहरम-गणपती एकाच वेळी आले की पीर आणि बाप्पा शेजारी असतात. गायक विष्णु दिगंबर पलुसकर बुवा याच गावात १८७२ साली जन्मले, त्यामुळं गाणं समजतं असा आमच्यातल्या प्रत्येकाचा समज आहे. वाडीत दक्षिणद्वार सोहळा असतो तेव्हा पादुकांवरून वाहून आलेल्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. ज्या पाण्याला आम्ही हात जोडतो त्याच पाण्यासाठी गव्हाचे डबे माळ्यावर चढवतो, आणि यात आम्हाला विसंगत काही वाटत नाही. तेव्हा घर घ्या, जरूर घ्या. आमच्या गल्लीत दोन बंद घरं आहेत, त्यांत दिवा लागला तर आम्हाला हवंच आहे. फक्त पाण्याची पातळी समजून घ्या.

गेल्या महिन्यात पुण्याचं एक जोडपं दस्ताला आलं होतं. दोघंही साठीच्या आसपास. काकूंनी स्वतःहून विचारलं, "पाणी कुठवर येतं ते लिहून मिळेल का?" विकणारा चपापला. म्हणाला, असं कुठं असतंय, किंमत पडंल. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, थोडा वेळ गेला. मग त्यांनी मला सांगितलं, चतुःसीमेखाली एक ओळ वाढव. मी टाईप केलं: "सन २०१९ व सन २०२१ च्या महापुरात सदर मिळकतीच्या जोत्यापासून किती उंचीपर्यंत पाणी आले होते, हे लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस प्रत्यक्ष जागेवर दाखविले असून सदर उंची पुढीलप्रमाणे आहे." पुढं फूट-इंच. किंमत थोडी पडली, हे खरं. पण व्यवहार मोडला नाही. विकणारा सही करून जाताना काकूंना सांगून गेला की माळ्याची दक्षिणेकडची तुळई जुनी आहे, गव्हाचं ओझं तिच्यावर नको.

ही ओळ वकिलांच्या मर्जीवर राहू नये एवढंच माझं मागणं आहे. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेत 'इतर शेरे' हा रकाना बहुतेक वेळा कोराच असतो, सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' आहे. निळ्या-लाल रेषेच्या आत येणाऱ्या मिळकतींवर तिथं तशी नोंद घ्यावी. तिला वेळ लागणार असेल तर तोवर नगरपरिषदेनं एवढं तरी करावं: २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबांवर रंगवाव्यात, साल घालून. रंगाचा खर्च फार नाही. काही खांबांवर २०१९ ची रेघ लोकांनीच ओढलेली होती. गेल्या दिवाळीत खांब रंगवताना ती पुसली गेली. पावसाळ्याच्या आत ती परत ओढायची तर जागा दाखवणारी माणसं अजून गल्लीत आहेत, आणि शिडी आमच्याकडं आहे.

आपली,
एक दस्त टंकलेखिका
कुरुंदवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर