लकवा असो की छातीत कळ, सकाळची वाट पाहू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

शेजारच्या काकांचं ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. सांजच्यालाच हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तरी रात्रभर तेल चोळत बसले आणि सकाळी यवतमाळला नेलं. तोवर रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. बाबा, तुम्हाला बीपी आहे, शुगर आहे. म्हणून हे लिहिते.

तुम्ही म्हणता, "मी रक्त पातळ व्हायची गोळी रोज घेतो, मले काय होते?" गोळी चुकवू नकाच. पण ती नवी गाठ धरू नये म्हणून आहे, धरलेली गाठ तिने विरघळत नाही. गाठीत फायब्रिनचे बारीक धागे असतात. सरकीला कापूस धरून ठेवतो तशा रक्तपेशी त्यांच्यात अडकतात. हे धागे तोडायचं सामान आपल्याच रक्तात असतं, प्लाझ्मिनोजेन नावाचं, पण ते निजलेलं असतं. इंजेक्शन त्याला जागं करून त्याचं प्लाझ्मिन बनवतं आणि प्लाझ्मिन धागे कापतं. गाठ जितकी जुनी तितकी घट्ट, म्हणून सगळा खेळ वेळेचा.

हार्ट अटॅकमध्ये, अँजिओप्लास्टी (हृदयाची गाठीने बंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) लवकर होण्यासारखी नसेल तर, हे इंजेक्शन 12 तासांच्या आत देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. यातलंच टेनेक्टेप्लेज नावाचं इंजेक्शन वजनाप्रमाणे एकाच वेळी शिरेतून देता येतं. त्यानंतरही अँजिओग्राफीसाठी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी) मोठ्या दवाखान्यात जावंच लागतं, बरं वाटलं म्हणून घरी परतायचं नाही.

लकव्यात मुदत साडेचार तासांची. तिथे आधी सीटी स्कॅन लागतोच, कारण लकवा गाठीने येतो तसा मेंदूत रक्तस्राव होऊनही येतो, आणि रक्तस्रावात हे औषध दिलं तर जीवच जाईल. बाहेरून बघून कोणालाच हे ओळखता येत नाही. म्हणून घरी मनाने कुठलीही गोळी द्यायची नाही, पाणीसुद्धा पाजायचं नाही, ठसका लागतो. कबुतराचं रक्त चोळायला तर कोणाला दारातही येऊ देऊ नका.

आई, एक काम तुझंच. "शेवटी धड कधी होते?" हे डॉक्टर पहिलं विचारतील. बाबा पहाटे उठले आणि पाय उचलत नसेल, तर वेळ उठल्यापासून नाही, रात्री नीट बोलून झोपले तिथून धरतात. घड्याळ बघून सांग, अंदाजाने नको.

आणि लपवू नका काही. पोळ्याला बैलाने ढकललं आणि बाबांचं डोकं धुऱ्यावरच्या दगडावर आपटलं होतं, ते सांगायचंच. अलीकडचा डोक्याचा मार, ऑपरेशन, काळी शी (पोटात रक्तस्राव झाल्याची खूण), पूर्वीचा मेंदूतला रक्तस्राव, यातलं काही असेल तर डॉक्टर इंजेक्शन देताना दहादा विचार करतात, आणि करायलाच हवा. नीट दिलं तरी क्वचित कोणाला मेंदूत रक्तस्राव होतोच. तरी वेळेत मिळालं तर माणूस आपल्या पायाने वावरात जाण्याची आशा वाढते, म्हणून मी इतकी मागे लागते.

गोळ्यांची पाकिटं आणि जुनी फाइल एका पिशवीत घालून खुंटीला अडकवून ठेवा. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोबडी वळते, किंवा छातीत दाबल्यासारखं होऊन घाम सुटतो, यातलं एकही दिसलं की आधी 108 लावा, मग मला. गाडीवाल्याला सांगा, लकवा असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेल्याच दवाखान्यात ने. पऱ्हाटी वेचायची राहिली तर राहू द्या.

तुमची लेक