आधी कुत्र्यांना लस द्या, मग लांडगे वाचवा

संपादक साहेब, नमस्कार.

लांडगे, रानकुत्रे कमी होतायत म्हटलं की सगळे आधी शिकाऱ्यांना शिव्या घालतात. ते खोटं नाही, पण आजाराबद्दल कोणी बोलतच नाही.

इथिओपियातला लांडगा घ्या. ३,००० मीटरच्या वरच्या गवताळ पठारांवर राहतो, उंदीर-घुशी खातो, गुराढोरांच्या वाटेला फारसा जात नाही, तरी जगात जेमतेम ५०० उरलेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या बाले पर्वतात. तिथे १९९१-९२ ला रेबीज आला, २००३ ला परत आला आणि त्या वेळी एका खोऱ्यातले चारातले तीन लांडगे गेले. आणला कोणी, तर गुराख्यांच्या कुत्र्यांनी! मग संशोधकांनी लांडगे पकडून लस टोचली, तीही सरसकट नाही, शेजारच्या खोऱ्यात जायच्या वाटेवरच्या टोळ्या गाठून, आणि साथ अडली. आता आमिषात लस घालून खायला देतात, म्हणजे पकडायची भानगडच नको.

आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांत पसरणारा एक जीवघेणा विषाणूचा आजार) दोन्हीचा धोका आहे. त्यांच्यात सहसा एकच जोडी पिल्लं घालते, बाकीचे शिकार करून पोटातलं मांस ओकून पिल्लांना भरवतात, त्यामुळे टोळीतले चार-पाच मेले की उरलेल्यांना पिल्लं जगवणं जड जातं. म्हणून नुसते 'अजून इतके शिल्लक' असले आकडे मला फसवे वाटतात.

पिंजऱ्यात वाढवून सोडू म्हणाल तर अमेरिकेतला लाल लांडगा बघा, १४ जनावरांपासून वंश वाढवला, १९८७ ला नॉर्थ कॅरोलिनात सोडले, पिंजऱ्यात चांगले वाढतात पण बाहेर गाडीखाली नाहीतर गोळीने मरतात. (कोयोटी म्हणजे तिथले लांडग्याचेच छोटे भाईबंद, त्यांच्याशी संकर होतो ती डोकेदुखी वेगळीच.)

माझं म्हणणं एवढंच की जंगलाकडेच्या गावांतल्या कुत्र्यांना दरवर्षी लस द्या, त्यात माणसंही वाचतात. पण होतं काय, कुत्री पाळीव म्हणून वन्यजीववाले हात झटकतात आणि ती दूध देत नाहीत म्हणून पशुवैद्यकवाल्यांच्या यादीत ती शेवटी. संवर्धनाच्या बजेटमध्येच या लसीचा वेगळा खर्च धरला पाहिजे, तोही साथ यायच्या आधी.

– एक वाचक