अण्णांच्या घड्याळाबद्दल

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय विन्या,

अण्णांचं लंबकाचं घड्याळ उन्हाळ्यात मागे पडतं म्हणून तू घड्याळजीला बोल लावलास, पण तो बिचारा निर्दोष असावा. दांडा लोखंडी असेल तर पारा 10 अंश चढल्यावर तो किंचित लांबतो आणि घड्याळ दिवसाला पाचेक सेकंद मागे पडतं. महिन्याचे झाले अडीच मिनिटं!

तुझं पत्र वाचताना फिलिप वुडवर्ड आठवला. इंग्रज गणिती, जन्म 1919 चा. ऑक्सफर्डला शिकला आणि 1941 साली रडारच्या सरकारी संशोधन संस्थेत लागला. पुढच्याच वर्षी जर्मन छाप्याच्या धास्तीनं ती संस्था समुद्रकाठच्या स्वानेजहून माल्व्हर्नच्या एका शाळेत हलवली. रडारमध्ये खेळ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांचा. विमानावर आपटून परतणारा रेडिओ लहरींचा प्रतिध्वनी एक मायक्रोसेकंद उशिरा आला, तर विमान 150 मीटर लांब. पण तो येतो गोंगाटात बुडून. वुडवर्डचं म्हणणं असं, की यंत्रानं घाईनं 'आहे' किंवा 'नाही' ठरवू नये. कुठे असण्याची किती शक्यता आहे, ते सांगावं. हाती आलेली माहिती मध्येच सांडायची नाही. 1953 च्या त्याच्या छोटेखानी पुस्तकात आणखी एक गंमत आहे. लक्ष्याचं अंतर आणि वेग यांबद्दलची संदिग्धता म्हणजे कापसाची उशी. एकीकडे दाबली, की दुसरीकडे फुगते. (आपल्या सोसायटीच्या हिशेबासारखी.)

आणि हाच माणूस फावल्या वेळात लंबकाची घड्याळं बनवायचा! त्याचं डब्ल्यू-5 जाणकारांच्या तोंडी आहे. इथली पंचाईत बघ. लंबकाला कोणी हात लावला नाही तर तो चोख झुलतो, पण धक्का न देता तो थांबणार, आणि त्याला विचारल्याशिवाय झोके मोजायचे कसे? प्रत्येक स्पर्शानं थोडी चूक शिरते. सेकंदाला एक ठोका देणारा लंबक जवळजवळ मीटरभर लांब असतो; तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका जरी वाढला, तरी दिवसाला जवळपास अर्धा सेकंद जातो. मला तर वाटतं, माल्व्हर्नमधलं काम त्यानं घरी आणलं होतं. फक्त विमानाच्या जागी लंबक.

वुडवर्ड 2018 साली गेला, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन.

आता तुझं काम. दांड्याला चुंबक लावून बघ, चिकटतं का. मग लंबकाच्या चकतीखालचं नट पाव फेरा वर घे आणि दोन दिवस घड्याळाकडे फिरकू नकोस. तुला ते जमणार नाही, म्हणून वहिनींना किल्ली लपवायला सांग.

तुझा,
सुध्या