मधल्या घराचं उत्पन्न: अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एम्सहून घरी पत्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. आई, वजन कमी झालेलं नाही, फोटोत जाकिटामुळे तसं दिसतं. डाळ-भात रोज होतो, भाकरी रविवारी. आणि बाबा, टीव्हीवर दाखवतात ती वादळं माझ्या डोक्यावर येत नाहीत. मे २०२४ मध्ये ग्रीनफिल्डला मोठं वादळ आलं, माणसं गेली, हे खरं. पण ते गाव इथून गाडीने दीड तासावर आहे आणि आमच्या इमारतीला तळघर आहे. काळजी करू नका.

बाबा, तुम्ही विचारलंत, "तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चार दिवसांत मिळतो, त्यासाठी पीएचडी कशाला?" फोनवर घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

ग्रीनफिल्ड हे अडेर काउंटीचं मुख्य गाव. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखीच, पण सगळी मिळून माणसं साडेसात हजारांच्या आसपास. आपल्या लातूरसारखं तिथेही सोयाबीन, जोडीला मका. तिथल्या मधल्या घराचं उत्पन्न गेल्या पंचवीस वर्षांत वाढलं की घटलं, हे मी काढतोय. सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीने उभी केली की बरोबर मध्ये येतं ते घर. सरासरी काढली तर दोन-चार बड्या जमीनदारांमुळे सगळा गाव श्रीमंत दिसतो.

२००० च्या जनगणनेपर्यंत साधारण दर सहा घरांतल्या एकाला लांब फॉर्म जायचा, त्यात आदल्या वर्षाचं उत्पन्न विचारलेलं असे. नंतर तो फॉर्म बंद झाला आणि वर्षभर चालणारी नमुना पाहणी आली. पण ६५ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीत एका वर्षात घरं इतकी थोडी सापडतात, की पाच वर्षांची उत्तरं एकत्र करूनच आकडा देतात. समजा तो साठ हजार डॉलर निघाला आणि चार हजार खाली-वर धरायचे असले, तर पुढचा आकडा बासष्ट हजार आला म्हणून लोकांचं बरं चाललंय असं म्हणता येत नाही. शिवाय लागोपाठच्या दोन आकड्यांत चार वर्षं तीच असतात. म्हणून २००९-१३ ची तुलना २०१४-१८ शीच करायची. त्यात महागाई: १९९९ चे १०० डॉलर म्हणजे २०२३ चे साधारण १८०.

जनगणना खात्याचा दुसरा अंदाज दरवर्षी निघतो. त्यात पाहणीला करविवरणपत्रांची जोड देतात, आणि जिथे पाहणीतली घरं कमी तिथे त्या जोडीवर जास्त भिस्त ठेवतात. त्याच कामातून गरीब घरच्या मुलांचे आकडे निघतात आणि त्यावर शाळांना केंद्राचा पैसा ठरतो. आकडा चुकला तर खेड्यातल्या शाळेचं नुकसान होतं. म्हणून हे काम मला महत्त्वाचं वाटतं, बाबा. हे रिकामं काम नाही.

एक गोष्ट मात्र अजून पचत नाही. इथे शेतकऱ्याला "किती एकर?" विचारायचं नसतं. आपल्याकडे एसटीत शेजारी बसला की पहिला प्रश्न तोच. इथे तो म्हणजे बँकेचं पासबुक मागण्यासारखं धरतात. एकरी उतारा विचारा, पाऊस विचारा, मक्याचा भाव विचारा, अर्धा तास बोलतील. एकर विचारले की गप्प होतात. जनावरं किती, हेही तसंच. चाळीस वर्षांचे शेजारी, एकमेकांचं मळणीयंत्र दुरुस्त करून देणारे, पण कोणाची कमाई किती हे एकमेकांना ठाऊक नसतं. पगाराचंही तेच, सख्ख्या भावाला सांगत नाहीत. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आपली साडेचार एकर सांगून टाकली. तो टोपी मागे सारून बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आणि त्यात तुला शिकवलं?" मी हो म्हणालो.

आता छकुलीचं. मुलाकडची मंडळी मे महिना म्हणतात तर तोच धरा, माझ्यासाठी मुहूर्त अडवू नका. माझ्या व्हिसाचा शिक्का संपलाय. इथे राहायला अडचण नाही, पण बाहेर पडलो तर परतायला नव्याने मुलाखत द्यावी लागेल, आणि मे-जूनमध्ये प्रबंधाचं काम अर्धवट टाकता येणार नाही. डिसेंबर जमला तर मी नक्की येतो. नाही जमला तर व्हिडिओवर पहाटेपासून बसेन, अक्षता पडेपर्यंत हलणार नाही. तिला हे तुम्ही सांगू नका, मीच रविवारी बोलतो.

दीड लाख पाठवलेत. आधी सोसायटीचं कर्ज भरा, उरलेल्यातून मंडपाची इसार द्या. सोयाबीन भाव नाही म्हणून घाईने विकू नका, पुढच्या महिन्यात आणखी पाठवतो. आणि आई, माझ्यासाठीची स्थळं तूर्त थांबव. मावशीला वाईट वाटू देऊ नकोस.

बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये.

तुमचा,
संदीप