मॉनिटर बदलण्याआधी मेन्यूचे बटण दाबा

संपादक महोदय,

स्क्रीन थरथरू लागली की ‘मॉनिटर गेला’ असे ठरवून नवा आणला जातो, आणि तो जोडल्यावरही चित्र तसेच हलत राहते. हा खर्च टाळता येतो, म्हणून हे पत्र.

मॉनिटरच्या कडेचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा. ब्राइटनेस कमी-जास्त करतो तोच. हा मेन्यू संगणकाकडून येत नाही, तो मॉनिटरच तयार करतो. मागचे चित्र हलते आणि मेन्यू मात्र स्थिर, असे दिसले तर दोष बहुधा केबल, ग्राफिक्स कार्ड (संगणकातला चित्र तयार करणारा भाग) किंवा ड्रायव्हरमध्ये (ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असतो. मेन्यूही थरथरला तर दोष मॉनिटरच्या आत. पुष्कळदा पॉवर बोर्डावरचे एक-दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) माथ्यावर फुगलेले सापडतात आणि तेवढेच बदलून काम भागते. पण हे घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका बसेल एवढी वीज साठून राहते.

केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. जुन्या पद्धतीची, स्क्रूने बसणारी व्हीजीए केबल असेल तर दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळा आणि मॉनिटरच्या मेन्यूत ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ करा. अक्षरांच्या कडा शहारल्यासारख्या दिसणे त्याने बहुतेक वेळा थांबते. आडवे फिकट पट्टे संथपणे वर सरकत असतील तर संगणक आणि मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा. वेगवेगळ्या सॉकेटच्या अर्थिंगमधल्या फरकानेही असे पट्टे येतात.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्याच्यासकट सगळे लुकलुकत असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. टास्क मॅनेजर शांत आणि बाकीचे हलते, तर दोष एखाद्या अ‍ॅपचा, म्हणजे एखादे अ‍ॅप. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमधला रिफ्रेश रेटही (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रेखाटले जाते तो आकडा) बघून घ्या.

काचेच्या नळीचे जुने मॉनिटर अजून कुठे वापरात असतील तर शेजारचा पंखा, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर दूर हलवा. वीज ५० हर्ट्झची आणि रिफ्रेश रेट ६०चा असला, तर त्यांच्या चुंबकीय क्षेत्राने चित्र सेकंदाला १० वेळा डुलते.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतून माणूस उठतो आणि नेमकी त्याच क्षणी स्क्रीन काळी होऊन परत येते. खुर्चीत साठलेली स्थिर वीज सुटते आणि तिचा धक्का केबल अँटेनासारखा पकडते. अशा वेळी चांगल्या शील्डिंगची (आतल्या तारांभोवती धातूचे आवरण असलेली), लागेल तेवढ्याच लांबीची केबल घाला.

– संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक